आधी सीटपोस्ट, मग बीबी: रोड सायकलची करकर कशी शोधायची

मिटमिटा गेलं, शरणापूर गेलं, तोवर सायकल गप्प असते. दौलताबादचा किल्ला मागे पडतो, खुलताबादचा घाट लागतो आणि उजवा पाय खाली गेला की 'कट'. पुन्हा खाली, पुन्हा 'कट'. वर भद्रा मारुतीपर्यंत पोचेस्तोवर पायापेक्षा डोकंच जास्त थकतं.

माझ्या सायकलला हा आवाज लागला तेव्हा मी सगळे करतात तेच केलं. कान देऊन ऐकलं, आवाज खालून, क्रँकपाशी (पेडल ज्या हातांवर बसतं तिथे) येतो असं वाटलं आणि दुकानात सायकल देऊन बीबी, म्हणजे क्रँकच्या दांड्याची बेअरिंग, नवी बसवून घेतली. पुढच्या रविवारी त्याच घाटात तोच 'कट'. तीन आठवड्यांनी सायकल पुसताना सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारा दांडा, बाहेर काढला, साफ केला, ग्रीस लावून परत बसवला आणि आवाज बंद झाला. जुनी बीबी चांगली होती, ती उगाच गेली. तेव्हापासून शोधायचा एक क्रम ठरवून घेतला आहे. पहिल्यांदाच रोड सायकल घेतलेल्या माणसाने तो धरून चालावं असं मला मनापासून वाटतं, कारण यात पैसा कमी आणि सबुरी जास्त लागते.

कानावर का विसंबू नये

बैलगाडीच्या आखातलं वंगण संपलं की गाडी अख्ख्या शिवारात ऐकू येते. सायकलचंही तसंच आहे, फरक इतकाच की इथे फिरणाऱ्या भागांपेक्षा न फिरणारे भागच जास्त कुरकुरतात. दोन भाग घट्ट आवळलेले दिसतात, पण त्यांच्यावर वजन आलं की ते केसभर एकमेकांवर सरकतात. मध्ये ग्रीसचा पातळ थर असेल तर सरकणं गुपचूप होतं. जागा कोरडी असेल, धूळ शिरलेली असेल, तर ते भाग आधी अडतात आणि मग एकदम सुटतात. त्या सुटण्याचा 'कट' आपल्याला ऐकू येतो.

फ्रेमचे पाइप पोकळ असतात. सीटपाशी झालेला आवाज पाइपातून घुमत खाली येतो आणि क्रँकमधून आल्यासारखा वाटतो. पुढच्या हँडलचा आवाजही कधी कधी खालीच ऐकू येतो. म्हणून कान फक्त 'आवाज आहे की गेला' एवढं सांगण्यासाठी वापरायचा, 'कुठे आहे' हे ठरवण्यासाठी नाही.

आपल्या भागात हे दुखणं जास्त होतं त्याला कारणं आहेत. उन्हाळ्यात काळ्या रानाचा फुफाटा पिठासारखा बारीक असतो, तो बोल्टच्या आट्यांत जाऊन बसतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की अंगातला घाम हँडलवर आणि ते धरणाऱ्या स्टेमवर टपटपतो, वाळून पांढरा खार मागे ठेवतो. पावसाळ्यात चिखल चाकाला चिकटून थेट बीबीपर्यंत चढतो. त्यात कुणी सायकल गाडीच्या सर्व्हिस सेंटरवर नेऊन प्रेशरच्या पाण्याने धुतली, तर बेअरिंगमधलं ग्रीसच निघून जातं. सायकलला बादलीभर पाणी आणि फडकं पुरतं, प्रेशरचा पाइप तिच्याजवळ नेऊ नका.

सगळ्यात आधी तडा बघा

पाना हातात घ्यायच्या आधी सायकल कोरड्या फडक्याने पुसून उजेडात न्या. फ्रेमचे सांधे, बीबीच्या भोवतालचा भाग, पुढचं चाक धरणारा फोर्क, क्रँकचे हात, रिमवर जिथे तार शिरते ती भोकं, हँडल आणि सीटच्या खालचे रूळ नीट बघा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर त्या रेघेवरून नख फिरवा. नख अडलं तर ती सायकल चालवू नका, जाणकाराला दाखवा. तडा गेलेलं हँडल किंवा फोर्क उतारावर तुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. कार्बनच्या फ्रेमबाबत तर जास्तच जपा.

काय काय लागेल

चार, पाच, सहा आणि आठ मिलिमीटरच्या ॲलन की, टी-२५ आणि टी-३० टॉर्क्स की, पेडलसाठी १५ मिलिमीटरचा पाना, चिंध्या, जुना टूथब्रश आणि ग्रीस. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात डब्यातून मिळणारं मल्टिपर्पज ग्रीस बोल्टला आणि ॲल्युमिनियमच्या सीटपोस्टला चांगलं चालतं. कार्बनचा भाग असेल तर तिथे ग्रीस नाही, कार्बन पेस्ट लागते. तिच्यात बारीक कण असतात, त्यामुळे कमी आवळूनही पकड राहते.

जमलं तर टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, घ्या. चार मित्रांत मिळून एक घेतला तरी चालेल. बऱ्याच भागांवर किती आवळायचं तो आकडा न्यूटन-मीटरमध्ये छापलेला असतो आणि तोच खरा धरायचा. आवाज आला की आवळ, पुन्हा आला की आणखी आवळ, ही सवय फार वाईट. कोरडा बोल्ट जास्त आवळून गप्प होत नाही, त्याच्या आट्या जातात.

गंज सोडवायचा पातळ स्प्रे सगळीकडे मारू नका. आवाज दोन दिवस थांबतो खरा, पण स्प्रे आत जाऊन उरलंसुरलं ग्रीस धुऊन टाकतो आणि आठवड्याने करकर दुप्पट होते. डिस्क ब्रेक असेल तर स्प्रेचा एक तुषारही डिस्कवर उडू देऊ नका, पॅड तेल पितात आणि ब्रेक लागत नाही.

पहिली पायरी: आवाजाचा ताल मोजा

ओळखीचा, कमी रहदारीचा एखादा चढ निवडा. दर वेळी तोच घ्यायचा, नाहीतर तुलना करता येत नाही. आता आवाज कोणत्या तालात येतो ते मोजा.

पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, पायाच्या ठरावीक जागी येत असेल तर पेडल, क्रँक, चेनरिंग (पुढचं दातेचक्र), बीबी यांच्यावर संशय. पण सीट आणि सीटपोस्टही याच यादीत धरा, कारण पेडल मारताना आपलं बूड दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुकतं. माझी चूक इथेच झाली होती.

पेडल थांबवून सायकल नुसती वाहू दिली तरी आवाज येत राहिला, वेग वाढला की त्याचा वेगही वाढला, तर तो चाकाचा.

साधारण दोन-सव्वादोन फेऱ्यांनी एकदा 'टक' होत असेल तर चेन बघा. रोड सायकलच्या चेनला १०८-११० कड्या असतात. पुढे ५० दात्यांची चेनरिंग असेल तर पूर्ण चेन एकदा फिरायला क्रँकचे सुमारे २.२ फेरे लागतात. एखादी कडी घट्ट झाली असेल तर ती तेवढ्याच अंतराने टोचते. क्रँक हाताने उलटा, सावकाश फिरवून मागच्या गिअरच्या छोट्या पुलीपाशी डोळा ठेवा, अडलेली कडी तिथे उडी मारताना दिसते. तेल घालून ती बाजूला आडवी मोडल्यासारखी हलकेच वाकवली की बहुधा सुटते.

एक मेख लक्षात ठेवा. घाटात आपण पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांवर असतो तेव्हा क्रँकचा एक फेरा आणि चाकाचा एक फेरा जवळजवळ बरोबर पडतात. मग चाकाचा आवाजही क्रँकचा वाटतो. म्हणून गिअर बदलून बघा. मागे लहान दातेचक्र घेतल्यावर पायाच्या एका फेऱ्यात आवाज दोनदा यायला लागला, तर तो चाकाकडून येतो आहे.

दुसरी पायरी: वजन हलवून बघा

त्याच चढावर सीटवरून उठा, उभ्याने वीस-पंचवीस फेरे मारा. आवाज थांबला तर सीट, तिचे रूळ, सीटपोस्ट. उलट उभं राहिल्यावरच यायला लागला तर हँडल, स्टेम, पुढचं चाक. दोन्ही वेळेला येत असेल तर पेडल ते बीबी हा पट्टा. मग फक्त एका पायाने जोर द्या, नंतर दुसऱ्या पायाने, आणि हँडलवरचे हात अगदी सैल सोडून बघा. ही दहा मिनिटांची परीक्षा मी तेव्हा केली असती तर बीबी बदलावी लागली नसती.

घरी भिंतीला टेकवूनही करता येतं. मागचा ब्रेक दाबून ठेवा, क्रँक जमिनीला समांतर आणा आणि पेडलवर हाताने दाब देत राहा. दुसऱ्या माणसाला एकेका बोल्टवर बोटाचं टोक टेकवायला सांगा. आवाज होतो तिथे बोटाला बारीक ठिणगीसारखा झटका जाणवतो. कानाला जसं फसवता येतं तसं बोटाला येत नाही.

आणि एक नियम, जो मोडला की सगळी मेहनत पाण्यात जाते: एका वेळी एकच भाग खोला, मग त्याच चढावर जाऊन या. एकाच दुपारी पाच ठिकाणी ग्रीस लावलं आणि आवाज गेला, तर कशाने गेला हे कळत नाही. सहा महिन्यांनी तो परत येतो तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सीट आणि सीटपोस्ट

उभं राहिल्यावर आवाज थांबत असेल किंवा काहीच ठरवता येत नसेल, तरी सुरुवात इथूनच करा. सोपं आहे, फुकट आहे आणि फार वेळा इथेच उत्तर सापडतं.

पोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे चिकटपट्टी गुंडाळून उंचीची खूण करा. क्लॅम्पचा बोल्ट सैल करा, पोस्ट डावी-उजवीकडे फिरवत वर ओढा. माझा बाहेर आला तेव्हा वरच्या कडेला काळपट राखाडी लेपाचं एक कडं जमलेलं होतं. पावसाचं पाणी आत उतरलेलं, त्यात फुफाटा, त्यात ॲल्युमिनियमची झीज. बोटावर घेऊन चोळलं तर कणीदार, दळताना जातं नीट न बसल्यावर येतं तसं भरड पीठ लागावं तसं. तेच ते, जे दर फेऱ्याला कडकडत होतं.

पोस्ट पुसून लख्ख करा. फ्रेमच्या आत काठीला चिंधी गुंडाळून फिरवा, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. क्लॅम्पचं कडं वेगळं काढून त्याच्या आतली बाजू आणि बोल्टच्या आट्याही पुसा. मग पोस्टवर आणि पाइपाच्या आत ग्रीसचा पातळ हात द्या. फ्रेम किंवा पोस्ट कार्बनचा असेल तर पेस्ट. खुणेवर बसवा, क्लॅम्पवर छापलेल्या आकड्याइतकंच आवळा.

सीटचे रूळ ज्या खोबणीत धरलेले असतात ती जागाही खोला. रूळ पुसा, खोबण पुसा, बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीस लावा. धातूच्या रुळांना खोबणीत अगदी पुसट लावलं तरी चालतं. सीटच्या पुढच्या टोकाशी रूळ प्लास्टिकमध्ये जातात तिथेही कधी कधी किरकिर होते, तिथे तेलाचा एक थेंब पुरतो.

आवाज नसला तरी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पोस्ट बाहेर काढाच. ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं तसाच राहिला तर आतल्या आत धरून बसतो, मग तो काढायला भल्याभल्यांना घाम फुटतो.

पेडल

इथे नवे लोक हमखास अडतात, कारण डाव्या पेडलच्या आट्या उलट्या असतात. लक्षात ठेवायची सोपी रीत: पान्याचा दांडा वर उभा ठेवा. दांडा मागच्या चाकाकडे ओढला की पेडल सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकललं की आवळतं. दोन्ही बाजूंना हेच. चेन मोठ्या चेनरिंगवर घेऊन मगच जोर लावा, नाहीतर पाना सटकला की दाते बोटांत घुसतात.

पेडल काढून त्याच्या आट्या आणि क्रँकच्या भोकातल्या आट्या ब्रशने साफ करा, ग्रीस लावा, हाताने सुरुवात करून बसवा. पहिले दोन-तीन फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडलं तर उलटं फिरवून पुन्हा लावा, आट्या तिरक्या बसल्या तर क्रँक वाया जातो. शेवटी पान्याने चांगलं घट्ट करा. पेडल हातात धरून फिरवा आणि हलवा. खडखड वाटली तर आतली बेअरिंग झिजली आहे.

क्लीटचे, म्हणजे तळाशी पेडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले, बूट वापरत असाल तर क्लीटचे बोल्ट तपासा आणि क्लीट पेडलला घासते तिथली माती काढा. साधे बूट घालत असाल तर एक बघा: नाडीचं टोक क्रँकला आपटूनही अगदी बरोबर तालात टिकटिक होते.

चेनरिंग, क्रँक आणि शेवटी बीबी

चेनरिंगचे चार किंवा पाच बोल्ट एकेक करून काढा, पुसा, आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीस लावा, परत बसवा. एक पूर्ण झाल्यावरच दुसरा. आकडा छापलेला असतो. शिमानोच्या अलीकडच्या बऱ्याच क्रँकना १२ ते १४ न्यूटन-मीटर लागतात. दहा मिनिटांचं काम आहे आणि बीबीवर येणारे निम्मे आळ इथेच फिटतात असा माझा अनुभव आहे.

क्रँक शिमानोच्या पोकळ दांड्याचा, म्हणजे हॉलोटेक पद्धतीचा असेल तर डाव्या हातावर शेजारी शेजारी दोन बोल्ट दिसतात. तेही १२ ते १४ न्यूटन-मीटर, पण आळीपाळीने थोडं थोडं आवळायचं. बाहेरची प्लास्टिकची टोपी मात्र बोटांच्या जोराइतकीच. ती फक्त खेळ, म्हणजे सैलपणा, काढण्यासाठी असते, तिने क्रँक धरून ठेवायचा नसतो. टोपीला हात लावण्याआधी ते दोन बोल्ट सैल केलेच पाहिजेत. जुन्या धाटणीच्या चौकोनी दांड्याचा क्रँक असेल तर त्याचा मधला बोल्ट ढिला झाला आहे का ते बघा. ढिल्या क्रँकवर तसंच चालवत राहिलात तर चौकोनी भोक खाल्लं जातं आणि मग क्रँक कधीच घट्ट बसत नाही.

एवढं सगळं करूनही आवाज असेल, तेव्हा बीबी. क्रँकचे दोन्ही हात धरून डावी-उजवीकडे हलवा. खेळ असेल किंवा चेन काढून फिरवल्यावर वाळूवरून गेल्यासारखं खरखरीत लागत असेल तर बेअरिंग गेली. फिरते गुळगुळीत पण करकरते, तर बेअरिंग चांगली आहे, तिच्या बाहेरच्या कपाच्या आट्या कोरड्या पडल्या आहेत. खास पान्याने कप काढा. रोड सायकलवर नेहमी सापडणाऱ्या इंग्लिश आट्यांच्या बीबीत उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, डावा सरळ. दोन्हीकडची माती काढून भरपूर ग्रीस लावा आणि ३५ ते ५० न्यूटन-मीटरला बसवा. तरीही ऐकत नसेल तर आट्यांवर नळ फिटिंगची पांढरी टेप दोन वेढे घालून बसवा, हा उपाय जुना आहे आणि चालतो. आट्या नसलेली, दाबून बसवलेली बीबी असेल तर घरी हातोडीने प्रयोग करू नका. तिला दाबायचं अवजार लागतं, दुकानातच न्या.

चाकं

दिवाळीत भाचा आला होता. नवी सायकल, परभणीत तीच चालवतो. "मामा, खालूनच आवाज यायलाय, बीबी गेली म्हणायलेत सगळे." मी त्याला उभ्याने चालवायला लावलं, बसून चालवायला लावलं, आवाज दोन्हीकडे. गिअर बदलायला सांगितला, तर टिकटिक दुप्पट झाली. मागच्या चाकाची क्विक रिलीजची, म्हणजे चाक हाताने सोडायची-आवळायची, दांडी बाहेर काढली. दोन्ही टोकं कोरडी ठणठणीत, फ्रेमच्या फटीत टेकते तिथे धूळ घट्ट बसलेली. पुसून ग्रीसचं बोट फिरवलं आणि दांडी नीट बंद केली. आवाज तिथेच संपला.

दांडी बंद करण्याचा हिशोब असा: अर्ध्या रस्त्यात, ती चाकाच्या आखाशी सरळ रेषेत असताना, जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे आणि पूर्ण मिटताना तळहातावर तिचा वळ उठला पाहिजे. त्याहून सहज मिटली तर सैल आहे, आणि ते चाकासाठी धोक्याचं आहे.

तारा जिथे एकमेकींवरून जातात तिथेही कुरकुरतात. शेजारच्या समांतर तारा दोन-दोन करून मुठीत दाबत पूर्ण चाक फिरा. एखादी जोडी ढिली लागली तर तारा ओढून घ्यायला चाक कारागिराकडे द्या. ताण ठीक असेल तर छेदाच्या जागी तेलाचा एकेक थेंब, तोही रिम ब्रेकच्या पट्टीपासून आणि डिस्कपासून लांब. मागचा कॅसेट, म्हणजे दातेचक्रांचा गठ्ठा, हाताने हलवून बघा. हलला तर त्याची लॉकरिंग ढिली आहे, तिला ४० न्यूटन-मीटर आणि खास अवजार लागतं. गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर जिला लटकतो ती पट्टी, फ्रेमला ज्या छोट्या स्क्रूने लावलेला असतो तो काढून, मधली जागा पुसून, पुसट ग्रीस लावून परत बसवा. ही जागा कुणी बघत नाही.

पुढची बाजू

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, दुसऱ्या हाताची बोटं फ्रेम आणि फोर्क यांच्या सांध्यावर ठेवा. ठोका जाणवला तर हेडसेट, म्हणजे फोर्क ज्यावर वळतो ती बेअरिंग, सैल आहे. आधी स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट ढिले करा, मग वरच्या टोपीचा बोल्ट थोडा आवळून खेळ काढा, हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट परत आवळा. हा क्रम उलटा केला तर टोपीचा बोल्ट कितीही आवळला तरी फरक पडत नाही. उभ्याने हँडल ओढताना करकरत असेल तर स्टेमची समोरची प्लेट काढून हँडल आणि प्लेट दोन्ही पुसा. घाम तिथेच मुरतो. प्लेटचे चार बोल्ट फुलीच्या रेषेत, थोडे थोडे, वर-खाली फट सारखी राहील असे आवळायचे.

केबल फ्रेमला घासते का, पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू ढिले आहेत का, पिंजऱ्यात बाटली कुरकुरते का, सीटखालची पिशवी हलते का, हे पाच मिनिटांत उरका. बाटली आणि पिशवी घरी ठेवून एकदा चढ चढलात की यांचा निकाल लागतो.

सायकल दुकानात द्यायची वेळ आलीच तर 'आवाज येतोय' एवढंच सांगून सोडून येऊ नका. कागदावर लिहून द्या: चढावर येतो, सपाटीवर नाही. बसून येतो, उभ्यानेही येतो. उजवा पाय पुढे आडवा असताना, फेऱ्याला एकदा. सीटपोस्ट, पेडल, चेनरिंगचे बोल्ट साफ करून ग्रीस लावून झालं आहे. आणि मिस्त्रींसोबत दुकानाजवळच्या एखाद्या चढावर स्वतः चालवून आवाज ऐकवा, कारण दुकानात स्टँडवर टांगलेल्या सायकलवर कुणाचं वजन नसतं आणि वजनाशिवाय ती कुरकुरत नाही.